पाण्याच्या वारावर ठरलेली सहल

(दृश्य : स्वयंपाकघरातली दिनदर्शिका, तिच्यावरच्या निळ्या आणि लाल खुणा.)

सोलापुरातल्या या घरात दिनदर्शिकेवर दोन रंगांच्या खुणा आहेत. निळ्या गोलांत नळाला पाणी येण्याचे दिवस आहेत आणि लाल गोलांत मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या. शहराला पाणी काही दिवसांआड मिळत असल्यामुळे लग्नाचा मुहूर्त, पाहुण्यांचे येणे, चादरी धुण्याचा दिवस असे सगळेच आधी निळ्या गोलांशी ताडून पाहिले जाते. दोन दिवसांच्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा सूनबाईंनी पहिली अट घातली ती हीच, की पिंप भरून झाल्याशिवाय घराला कुलूप लागणार नाही.

धबधबा पाहायचा, एवढे मुलांनी ठरवले होते. कोणता, यावर चार संध्याकाळी गेल्या. नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा तासाभराच्या अंतरावर आहे, पण बोरी नदीवरच्या त्या जुन्या बंधाऱ्यातून पाणी ओसंडले तरच तो दिसतो, आणि तो या घराने दोनदा पाहिलेला आहे. साताऱ्याजवळच्या ठोसेघरला आजींच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपणार नाहीत. जोगचा प्रपात २५३ मीटर उंचीचा, त्याच्या राजा, राणी, रोरर आणि रॉकेट या चार धारा मुलांना पाठ. मात्र सोलापूरहून तो चारशे किलोमीटरहून अधिक दूर, म्हणजे दोन्ही दिवस गाडीतच जाणार. अखेर नकाशावर बोट थांबले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकवर, आणि ते ठेवले आजोबांनी.

आजोबांनी गोकाक का निवडले, हे समजण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

(दृश्य : भिंतीवरचे गिरणीतल्या कामगारांचे जुने छायाचित्र, आजोबांचे हात, बोटांत सुताचा पीळ.)

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली. सोलापूरकर तिला आजही जुनी गिरणी म्हणूनच ओळखतात. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर जेवणारे एक शहर तयार झाले. आजोबा अशाच एका गिरणीत सूत कातण्याच्या खात्यात कामाला होते. तुटलेला धागा चालत्या चातीवर कसा जोडायचा, हे ते आजही बोटांनी करून दाखवतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धाग्याची दोन टोके येतात, एक हलकासा पीळ पडतो आणि गाठ न मारता धागा पुन्हा एक होतो. आम्ही हे चित्रित करत असताना त्यांच्या बोटांत देवघरातल्या वातीचे सूत होते, तरी डोळे मिटलेले होते आणि हात चुकत नव्हते.

सोलापूरच्या त्या गिरण्या कोळशावर आणि वाफेवर चालल्या. गोकाकची गिरणी मात्र धबधब्याच्या काठावर बांधली गेली, ती १८८०च्या दशकात, आणि तिचे चक्र फिरवण्यासाठी बांधणाऱ्यांनी घटप्रभेचे पाणीच कामाला लावले. नदी कड्यावरून कोसळण्याआधी तिचे थोडे पाणी वरच्या बाजूला वळवायचे, ते नळांतून खाली उतरवायचे आणि त्या उतरणीच्या जोरावर टर्बाइन फिरवायचे, अशी ती योजना. गोकाकला धबधब्यावर सूत कातले जाते, ही गोष्ट आजोबांनी पाळी संपल्यावर चहाच्या टपरीवर पहिल्यांदा ऐकली. त्यांना ती तेव्हा खरी वाटली नव्हती. पुढे सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांचीही गेली.

(दृश्य : सूनबाईंची वही, फोनवर बोलणाऱ्या आजी.)

गोकाक ठरल्यावर प्रश्न उरला तो तारखेचा. मुलांना पंधरा ऑगस्टला जोडून येणारी सुट्टी हवी होती. आमच्या मते या घराने सर्वांत शहाणपणाचे काम केले ते इथे. त्यांनी सुट्टी बाजूला ठेवून आधी नदीची चौकशी केली. घटप्रभा सह्याद्रीत उगम पावते आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातून कर्नाटकात उतरते. गोकाकच्या वरच्या बाजूला हिडकल येथे तिच्यावर मोठे धरण आहे. म्हणून गोकाकमध्ये ढग दाटले आहेत की नाहीत, यावर धबधबा अवलंबून नसतो. घाटमाथ्यावर किती पाऊस झाला आणि धरणातून किती पाणी सोडले गेले, यावर तो ठरतो. उन्हाळ्यात इथे येणाऱ्याला कोरडा कडा पाहून परतावे लागते. जुलै ते सप्टेंबर हे त्याचे खरे दिवस.

आजींचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, त्यामुळे कन्नड त्यांना मराठीइतकेच जवळचे. गोकाकच्या लॉजवर फोन करण्याचे काम त्यांच्याकडे आले. खोलीचे भाडे विचारण्याआधी त्यांनी धबधब्याला पाणी किती आहे, रंग लाल आहे की पांढरा, आणि तिथला झुलता पूल उघडा आहे का, हे तीन प्रश्न विचारले. सहलीला निघणाऱ्या प्रत्येकाने विचारावेत असेच हे प्रश्न आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातले दोन दिवस नक्की झाले, मुलांची एक दिवसाची रजा मागून घेतली गेली, आणि योगायोगाने आदल्या दिवशी निळा गोल होता.

(दृश्य : उखळात कुटली जाणारी शेंगाचटणी, फडक्यात बांधल्या जाणाऱ्या कडक भाकऱ्या.)

शेंगदाणे, लसूण, तिखट आणि मीठ उखळात कुटले जात असताना तेल सुटू लागते आणि चटणीचा रंग गडद होत जातो. कडक भाकरी आणि ही चटणी दोन दिवस सहज टिकते, त्यामुळे वाटेत खाण्यापिण्याची चिंता उरत नाही. घडी केलेली सोलापुरी चादर आजींच्या पाठीशी जाते.

(दृश्य : पहाट, विजयपूरचा रस्ता, भीमेवरचा पूल.)

सोलापूर ते गोकाक हे अंतर विजयपूर, जमखंडी, मुधोळ या मार्गाने सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरच्या दरम्यान आहे. टाकळीजवळ भीमा ओलांडताना आजोबांनी गाडी थांबवायला सांगितली. सोलापूरच्या पाण्यातला एक वाटा इथून उचलला जातो. उजनीतून सोडलेले पाणी नदीपात्रातून इथवर येते, बंधाऱ्यात अडते आणि मग शहराच्या नळांकडे निघते. दिनदर्शिकेवरचा निळा गोल इथे जन्माला येतो, हे मुलांनी पहिल्यांदा पाहिले. पुढे जमखंडीच्या अलीकडे कृष्णा लागते, मुधोळच्या परिसरात घटप्रभा. भीमा आणि घटप्रभा या दोघीही शेवटी कृष्णेलाच मिळतात.

(दृश्य : धबधबा, दुरून, मग गिरणीच्या दगडी भिंती, मग झुलता पूल.)

वालुकाश्माच्या घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून घटप्रभा इथे ५२ मीटर, म्हणजे १७१ फूट खाली झेपावते. पाणी लाल मातीचे, जाड, आणि उडणारे तुषार पलीकडच्या काठापर्यंत पोहोचणारे. काठावर चालुक्य शैलीतले महालिंगेश्वराचे मंदिर आहे, आणि दोन्ही काठांना जोडणारा सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल. पाणी फार वाढले की पुलावर कोणाला सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये याच नदीच्या पुरात गोकाक शहरात पाणी शिरले होते, आणि कड्याच्या निसरड्या टोकावर फोटोसाठी जाणाऱ्यांचे जीव धोक्यात येतात.

आजोबा मुलांच्या मागून पुलावर गेले नाहीत. ते गिरणीच्या बाजूला वळले. पाणी कुठून वळवले, कुठून उतरवले, हे शोधत ते भिंतीच्या कडेने चालत राहिले, आणि एका जागी दगडावर तळहात टेकवून थांबले. धाकट्या नातवाने जवळ जाऊन विचारले, "आजोबा, इथं भोंगा होता का?"

(दृश्य : आजोबा, भिंत, मागे कोसळणारे पाणी. इथून पुढे निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)