खांदा उलटा बसवतात तेव्हा

सकाळचे सात. आजी आरशासमोर बसल्यात. वय 86. उजव्या हातात कंगवा आहे, पण हात कानाच्या वर जात नाही. मग मानच खाली वाकते, कंगव्याला भेटायला.

बशीवर लिंबू ठेवावं, तसा आपला खांदा असतो. खांद्याच्या फऱ्यावरची वाटी उथळ, दंडाच्या हाडाचा गोळा मोठा. लिंबू घरंगळत नाही ते भोवतीच्या चार स्नायूंमुळे. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. वय झालं की त्यांच्या दोऱ्या जुन्या लुगड्यासारख्या विरत जातात. पार तुटल्या की गोळा वर सरकतो. मग वरचा जाडजूड डेल्टॉइड स्नायू कितीही ओढत राहिला तरी हात उचलत नाही.

कृत्रिम खांद्याचा पहिला गाजलेला प्रयोग 1893 सालचा, पॅरिसमधला. जूल्स पेआँ या सर्जननं क्षयानं पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला. दोन वर्षांनी तो काढावा लागला. पुढच्या बहुतेक सांध्यांनी निसर्गाची नक्कल केली. पण ज्याच्या दोऱ्याच तुटल्यात, त्याला नक्कल काय कामाची? 1985 मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहरात पॉल ग्रामाँ यांनी सांधाच उलटा केला. गोळा खांद्याच्या फऱ्याला, वाटी दंडाच्या हाडाला. फिरण्याचा बिंदू आत आणि खाली आला, डेल्टॉइडला लांब तरफ मिळाली, आणि तो जवळजवळ एकट्यानं हात वर नेऊ लागला.

ऐकायला सोपं. 86 व्या वर्षी मात्र सांध्यापेक्षा भोवतालच्याच गोष्टी आडव्या येतात. ऑपरेशनसाठी हात बधिर करायला मानेत इंजेक्शन देतात, त्यानं बरेचदा त्या बाजूचा श्वासाचा पडदाही काही तास लुळा पडतो. फुप्फुसं दुबळी असतील तर हे जड जातं. रात्री भ्रम होऊ शकतो, आजी घरच्यांनाच ओळखत नाहीत. आणि मग साधारण चार ते सहा आठवडे हात गळ्यात बांधलेला. वॉकरला दोन हात लागतात, त्याचं काय? त्या हातानं खुर्चीला रेटा देऊन उठायचं नाही, सांधा निखळू शकतो.

आणखी एक गोष्ट लाजेपोटी कुणी काढत नाही. उलट्या सांध्यानं हात वर जातो, पण पाठीमागे नेणं अनेकांना अवघड होतं. खांदा डावा असेल, तर शौचानंतर धुणार कसं? हे आधीच विचारावं, डॉक्टरांनीच.

पडून खांद्याचं हाड मोडलं असेल, तर गणित वेगळं. 2015 साली ब्रिटनमध्ये 250 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हाड जागेवरून सरकलेलं असूनही, ऑपरेशन केलेले आणि नुसता हात गळ्यात बांधलेले, दोघेही दोन वर्षांनी सारख्याच ठिकाणी होते. काही अस्थिभंगांना ऑपरेशन लागतंच, पण घाई सगळ्यांनाच नको.

आजींना विचारलं, काय हवंय? वेणी सून घालते, त्याचं काही नाही, म्हणाल्या. रात्री या कुशीवर झोप लागली पाहिजे.

तपासणी पुढच्या मंगळवारी आहे.