रात्री दहाच्या आत घरी

[दृश्य: बर्फाने झाकलेला रस्ता, मागे उजळलेलं मोठं छत]

डिसेंबर महिना. दुपारचे साडेतीन वाजलेत आणि आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, सूर्य मावळतोय. उगवला होता तोही सकाळी अकरा वाजून गेल्यावर. बाहेर उभं राहवत नाही असा वारा आहे. या छताखाली मात्र पूर्ण मापाचं फुटबॉलचं मैदान आहे, कृत्रिम गवताचं. शाळा सुटली की मुलंमुली थेट इथेच येतात. शिट्टी घेऊन पळणाऱ्या या बाई पगारी प्रशिक्षक आहेत, रीतसर शिकून आलेल्या. अशी बंदिस्त मैदानं आइसलँडने २००० सालापासून बांधायला घेतली. चांगले खेळाडू त्यातून निघाले, हे खरंच. पण आपण इथे आलोय ते वेगळ्याच हिशेबासाठी.

[दृश्य: शहराचा मध्यभाग, शुक्रवार रात्र]

आज शांत दिसणारा हा भाग. १९९०च्या दशकात शुक्रवारी रात्री इथून चालायला मोठी माणसंही कचरायची. पंधरा-सोळा वर्षांची मुलं झिंगून घोळक्याने फिरत असायची. युरोपात सर्वाधिक दारू पिणाऱ्या पोरांमध्ये इथल्या मुलांची गणना व्हायची. शाळांमधून व्याख्यानं होत होती, व्यसनाचे दुष्परिणाम सांगितले जात होते. मुलं ऐकून घेत, आणि शुक्रवार उजाडला की पुन्हा तेच.

[दृश्य: प्रश्नावलीची पानं, पेन्सिल धरलेले हात]

मग कुणीतरी मुलांनाच विचारायचं ठरवलं. १९९२ साली देशातल्या शाळांमध्ये चौदा ते सोळा वयाच्या मुलांनी एक प्रश्नावली भरली. नाव लिहायचं नाही. दारू कधी चाखलीस का? शेवटची कधी? सिगारेट रोज ओढतोस का? इथवरचे प्रश्न अपेक्षितच होते. पुढचे बघा: आठवड्यात आईवडिलांबरोबर किती वेळ घालवतोस? रात्री उशिरा बाहेर असतोस का? शाळेत आपली कुणाला काळजी आहे असं वाटतं का?

१९९५ आणि १९९७ साली पुन्हा तेच विचारलं. समाजशास्त्रज्ञ इंगा डोरा सिगफुसडोट्टिर आणि त्यांचे सहकारी ही आकडेवारी चाळत बसले, तेव्हा न पिणाऱ्या मुलांच्या आयुष्यात चार गोष्टी वारंवार दिसल्या. आठवड्यातून तीन-चारदा खेळ किंवा एखादा वर्ग. घरच्यांबरोबर भरपूर वेळ. शाळेत आपुलकी. आणि रात्री उशिरा रस्त्यावर नसणं. यातली एकही गोष्ट मूल एकट्याने मिळवू शकत नाही. ती मोठ्यांनीच हाताशी आणून द्यावी लागते.

[दृश्य: नृत्यवर्ग, आरसा, घामेजलेले चेहरे]

यातला एक धागा अमेरिकेतून आला. हार्वी मिल्कमन हे मानसशास्त्रज्ञ. माणसं नशा करतात ती मेंदूतला ताण कमी करायला किंवा झिंग वाढवायला. मग तीच झिंग नाचातून, संगीतातून का मिळू नये, असा त्यांचा सवाल. डेन्व्हरमध्ये १९९२ साली त्यांच्या गटाने अमली पदार्थांच्या आणि किरकोळ गुन्ह्यांच्या वाटेला लागलेली मुलं गोळा केली. तुमच्यावर उपचार करतो, असं त्यांना सांगितलंच नाही. काय शिकायचंय ते सांगा, शिकवतो, एवढंच. तीन महिन्यांसाठी आलेली काही मुलं पाच वर्षं रमली.

[दृश्य: स्वयंपाकघर, फ्रिजवर चिकटवलेली चकती, घड्याळाचं चित्र]

आइसलँडने हीच कल्पना अख्ख्या देशाच्या मापाची केली. तंबाखू अठराच्या आत मिळणार नाही, दारू विसाच्या आत नाही, दोन्हींच्या जाहिराती बंद. सज्ञान होण्याचं वय १९९८पासून सोळाचं अठरा झालं. आणि हा नियम, जो घरोघरी फ्रिजवर दिसतो: तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर, उन्हाळ्यात बारानंतर बाहेर राहायचं नाही. बारा किंवा त्याहून लहान असतील, तर मोठं माणूस बरोबर नसताना दोन तास आधीच घरात.

बाहेरच्या माणसाला ही संचारबंदी वाटते. कायद्यातली सूट वाचली की मत बदलतं. खेळाच्या सरावाहून किंवा शाळेच्या कार्यक्रमाहून परतणाऱ्या मुलाला हा नियम लागू नाही. सराव आटोपून सव्वादहाला सायकल हाणत घरी निघालेल्या पोरीला कुणी अडवणार नाही.

[दृश्य: चमकती जाकिटं घातलेले पालक, रस्त्यावरून चालताना]

शनिवार-रविवारच्या आसपास हे पालक रात्री वस्तीत फेरी मारतात. पोलिसांची कामं ते करत नाहीत. नुसते दिसतात. रस्त्यावर ओळखीचा काका दिसला की पोरं आपोआप घराकडे वळतात. शाळेशाळेत पालक संघटना आहे, आणि पालक आपसांत करारही करतात: आपल्या घरी देखरेखीविना पार्टी होऊ द्यायची नाही, अल्पवयीन मुलाला दारू आणून द्यायची नाही, दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवायचं.

[दृश्य: संगणकावर पालक, नोंदणीचा अर्ज]

पैशाचं काय? वर्गांची फी गरीब घराला झेपत नाही, म्हणून रेक्याविक महापालिका प्रत्येक मुलामागे वार्षिक रक्कम देते. २०१६च्या सुमारास ती ३५,००० क्रोना (आइसलँडचं चलन) होती. रोख हातात पडत नाही, निवडलेल्या क्लबाकडे वळती होते. या संपूर्ण योजनेतला आमच्या मते सर्वांत शहाणा निर्णय हाच. कारण फी भरता न येणाऱ्या घरातलं मूलच बहुतेकदा आधी रस्त्यावर येतं.

परिणाम? महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं १९९८ साली ४२ टक्के होती, २०१६ साली ५. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३वर आली, गांजा चाखलेली १७वरून ७वर. या काळात युरोपात इतरत्रही दारू कमी झाली, पण इतकी नाही.

[दृश्य: शाळेची बैठक, टेबलावर तक्ते]

प्रश्नावली अजून भरली जाते. प्रत्येक शाळेला, प्रत्येक वस्तीला आपापले आकडे काही आठवड्यांतच परत मिळतात. मुख्याध्यापक आणि पालक ते पुढ्यात घेऊन बसतात. मधल्या काळात ई-सिगारेट आली. आता तिच्याबद्दलचे प्रश्नही प्रश्नावलीत आहेत.