डोळे आलेत? थेंब घालण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

2023च्या जुलैत आळंदीच्या शाळांमधून डोळ्यांची साथ पसरली, ती अनेकांना आठवत असेल. डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं पाहिल्यानं डोळे येत नाहीत. विषाणू येतो तो हातावरून, टॉवेलवरून, उशीच्या अभ्र्यावरून.

तो आत शिरला की डोळा गप्प बसत नाही. अश्रूंमधली प्रतिपिंडं त्याला अडवतात. ज्या पेशीत तो घुसला, ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून शेजारणींना सावध करते. रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून कामाला लागतात. कानापुढे हात लावून पाहा, कधी कधी वाटाण्याएवढी दुखरी गाठ लागते. तिथंही तयारी चाललेली असते. म्हणजे आपण ज्या लालीला घाबरतो, ती बरीचशी आपल्याच शरीराच्या लढाईची असते.

आणि नेमकी इथंच चूक होते. घरात पडलेली जुनी बाटली काढतात, थेंब घालतात. त्यात स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध, असेल तर लाली झटकन उतरते, कारण प्रतिकारशक्तीच दबते. विषाणू मात्र तिथंच असतो, उलट जास्त दिवस टिकतो. तो नागिणीच्या कुळातला हर्पीस सिम्प्लेक्स असेल तर फारच वाईट. आम्ही नेत्रतज्ज्ञ डोळ्याला रंगद्रव्याची नारिंगी पट्टी टेकवून निळ्या उजेडात बघतो, तेव्हा बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी हिरवी जखम चमकते. स्टेरॉइडनं ती फांदी पसरत जाते, मागे पांढरा डाग राहतो, नजर जाते. असा डोळा तपासताना जीव तुटतो, कारण हे टाळता आलं असतं.

पण प्रतिकारशक्तीही कधी कधी थांबायचं विसरते. डोळे आणणाऱ्या अडेनोव्हायरस या विषाणूची साथ ओसरल्यावर काहींच्या बुबुळावर नाण्यासारखे बारीक ठिपके उमटतात, दिवे पसरट दिसतात. विषाणूच्या उरल्यासुरल्या अंशांवर शरीर अजून चवताळलेलं असतं. बहुतेकांचे ठिपके काही महिन्यांत आपोआप विरतात. फारच त्रास असेल तर तेच स्टेरॉइड आम्ही देतो, पण मोजून, आणि हळूहळू कमी करत; एकदम बंद केलं की ठिपके परत येतात.

साध्या साथीत थंड पाण्याच्या घड्या ठेवा, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल किंवा धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. आणि आधी काही घातलं असेल, तर ती बाटली न लाजता सोबत न्या. आम्हाला सगळ्यात आधी तीच वाचायची असते.