पीटीचा तास

नमस्कार मंडळी. पाडव्याच्या सगळ्यांना शुभेच्छा.

मंडळाने मला मुलांच्या शिक्षणावर बोलायला सांगितलं होतं आणि मी भाषण लिहूनही ठेवलं होतं. पण गेल्या मंगळवारी रात्री जेवताना आमच्या घरी जे झालं, त्यानंतर ते कागद मला वाचवेनात.

आमचा लेक पंधरा वर्षांचा आहे. बर्फावरची हॉकी खेळतो. एका शाळेच्या ज्युनिअर संघाची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी आहे, तिथे त्याला जायचंय. पुढचं वर्ष अकरावीचं. हे म्हणाले, नाही. मीही म्हणाले, नाही. पण मला वाटलं, नुसतं नाही म्हणण्यापेक्षा त्याला पटेल असं काहीतरी सांगावं. म्हणून मी त्याला सेंट मायकल्सची गोष्ट सांगितली. इथे टोरांटोत बाथर्स्ट आणि सेंट क्लेअरपाशी आहे ना, ती कॅथलिक फादरांची शाळा. १९६१ साली तिच्या संघाने मेमोरियल कप जिंकला. कॅनडात ज्युनिअर हॉकीत त्याच्यावर काही नाही. आणि वर्षभरात शाळेने तो संघच बंद केला. का, तर मुलांचा अभ्यास बुडतो म्हणून. म्हटलं, बघ, हॉकीवाल्या फादरांनासुद्धा हे कळलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, त्यांनी पन्नास वर्षं खेळवलं आणि मग थांबवलं. तू माझी एक मॅच तरी पूर्ण बघितलीस का?"

ताटातला वरणभात तसाच राहिला, त्याचाही आणि माझाही.

तेव्हापासून मी रोज रात्री त्या शाळेबद्दल वाचतेय. मी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली होती, हे मला तुमच्यासमोर कबूल करायचंय.

शाळा १८५२ सालची, बेसिलियन फादरांनी काढलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर हेन्री कार यांनी तिथे खेळाला बळ दिलं. १९१० मध्ये शाळेच्या नावाचा संघ मोठ्यांच्या गटातला अ‍ॅलन कप जिंकून आला. ज्युनिअरचा मेमोरियल कप त्यांनी चार वेळा जिंकला: १९३४, १९४५, १९४७ आणि १९६१. यातले मधले दोन जो प्रिमो यांच्या हाताखाली, जे स्वतः मेपल लीफ्सकडून, म्हणजे टोरांटोच्या व्यावसायिक संघाकडून खेळलेले होते. आपण पहाटे ज्यांच्या नावाच्या कॉफीच्या दुकानापुढे गाड्यांच्या रांगेत उभे राहतो, ते टिम हॉर्टन याच शाळेचे. कॉक्रेनसारख्या उत्तरेकडच्या गावात जन्मलेला हा मुलगा इथे येऊन शिकला आणि खेळला. रेड केली याच शाळेचे. ते पुढे मेपल लीफ्सकडून खेळत असतानाच खासदारही होते.

आणि फ्रँक महोवलिच. त्यांच्याबद्दल वाचताना मी थांबले. आईवडील क्रोएशियातून आलेले. वडील उत्तरेकडच्या टिमिन्सला सोन्याच्या खाणीत कामाला. पोरगा इतका चांगला खेळायचा की मोठे क्लब मागे लागले होते. आईवडिलांनी सेंट मायकल्स निवडलं, कारण तिथे खेळाबरोबर शाळाही होती. परक्या देशात आलेले आईबाप, मुलाने शिकावं म्हणून धडपडणारे. ते आपल्यासारखेच होते हो. फक्त 'आधी अभ्यास, मग बघू' असं ते म्हणाले नाहीत. दोन्ही एका छताखाली मिळेल अशी जागा त्यांनी शोधली. तो मुलगा पुढे कॅनडाच्या सिनेटमध्ये बसला.

माझे बाबा सांगलीला गणिताचे शिक्षक होते. पीटीचा तास मागून घेणारे. तुमच्या सगळ्यांच्या शाळेत असे एक सर होते, माहितीये मला. "आज पीटी नाही, वह्या काढा." मग सगळ्या वर्गाचा तो एकच उसासा, आणि खिडकीतून दिसणारे खो-खोचे दोन खांब, उन्हात उभे. बाबांनी ते मुलांच्या भल्यासाठीच केलं आणि कित्येकांचं भलं झालंही. त्याबद्दल त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. पण सेंट मायकल्सबद्दल वाचताना मला सारखं एकच जाणवत होतं. तिथे वर्गावरचा माणूस आणि रिंकवरचा, म्हणजे बर्फाच्या मैदानावरचा माणूस वेगळा नव्हता. वह्या काढा म्हणणाऱ्याच्याच गळ्यात शिट्टी होती.

१९६१ च्या संघाचे प्रशिक्षक फादर डेव्हिड बाऊर हे असेच. त्या वर्षी अंतिम फेरीत त्यांच्या मुलांनी एडमंटन ऑइल किंग्जना एडमंटनमध्ये जाऊन हरवलं. पण हंगाम लांबत लांबत मे महिन्यापर्यंत जायचा. सामने खूप, प्रवास खूप, मारामाऱ्या वाढलेल्या आणि व्यावसायिक क्लबांचा हात मुलांच्या खांद्यावर. शाळेने लगेच दार लावलं नाही. आधी एक हंगाम टोरांटो आणि आसपासच्याच, कमी सामन्यांच्या लीगमध्ये खेळून पाहिलं. तरी जमेना, तेव्हा १९६२ मध्ये सोडलं. संघातली मुलंही वाऱ्यावर सोडली नाहीत. त्यांची सोय नील मॅकनील या दुसऱ्या कॅथलिक शाळेत झाली.

आणि फादर बाऊर? त्यांनी हॉकी सोडलीच नाही. व्हँकुव्हरच्या विद्यापीठात त्यांनी शिकणाऱ्या मुलांमधून देशाचा संघ उभा केला. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये हा संघ चौथा आला. तिथे स्वीडनविरुद्धच्या सामन्यात एका खेळाडूची तुटलेली स्टिक येऊन त्यांच्या डोक्याला लागली, रक्त आलं. चवताळलेल्या आपल्या मुलांना त्यांनी बाकावरून हलू दिलं नाही. असा माणूस 'पुरे' म्हणाला, तर त्या शब्दाला वजन असतं. प्रत्येक मुलगा कुठे थकतो, कुठे चुकतो, कुठल्या विषयात मागे आहे, हे त्याला माहीत होतं. मला माझ्या लेकाचे गणितातले गुण दशांशासकट पाठ आहेत. बर्फावर तो कुठल्या जागी खेळतो, हे मी बुधवारी सकाळी यांना विचारलं. यांनाही सांगता आलं नाही.

मंडळी, रागावू नका, पण हे फक्त आमच्या घरचं नाही. आपण उणे वीसमध्ये गणिताच्या क्लासला गाडी काढतो. रिंकवर सोडायचं असलं की शेजारच्यांना फोन करतो, "तुमच्या मुलाबरोबर याला न्याल का?" दिवाळीत आपण गुणवंतांचा सत्कार करतो. त्या यादीत खेळणारं मूल मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. मुलंमुली खेळतात की आपली! पुढच्या दिवाळीला त्यांची नावं मागवा, एवढी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.

त्या संघाचं पुढे काय झालं, तेही सांगते. १९९७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. दहा वर्षांनी मिसिसागाला गेला. २०१२ मध्ये शाळेचं नाव गेलं, स्टीलहेड्स झालं, आणि २०२४ पासून संघ ब्रॅम्प्टनला आहे. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घराजवळ. शाळेकडे मात्र बझर्स हा संघ अजून आहे, शाळेच्याच रिंकवर खेळतो. काल संध्याकाळी मी लेकाला विचारलं, त्यांची मॅच बघायला जाऊया का? तो म्हणाला, "आता कशाला?"

माझी भीती खोटी नाही. डोक्याला लागतं. पैसा लागतो, वेळ लागतो, आणि अकरावी-बारावीचे गुण विद्यापीठात मोजले जातात. कपडे बदलायच्या खोलीचं दार बंद झाल्यावर मोठी मुलं लहानांशी कशी वागतात, हे आपल्याला दिसत नाही. तो गेला तर काय, याचा विचार मी रात्र रात्र केलाय. नाही गेला तर काय, हा विचार मंगळवारी पहिल्यांदा केला.

ट्रायआउटचा फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. पालकांच्या सहीची जागा कोरी आहे. शुक्रवारी मुदत संपते. हे सगळं इथे सांगू का, असं मी त्याला विचारलं होतं, आणि त्याने हो म्हटलं. तो तिकडे मागे, दाराजवळ बसलाय. पण मंगळवारपासून त्याने फॉर्मबद्दल एकदाही विचारलेलं नाही. आधी दिवसातून चार वेळा विचारायचा.