सावली नसलेलं झाड

दृश्य: पूर्ण चित्र. कॅमेरा हळूहळू बुंध्याकडे.

संगणकावर फोटो जोडून केलेलं हे चित्र लांबून जुनं झाड वाटतं. जवळ गेल्यावर कळतं, साल म्हणून दिसत होत्या त्या नाण्यांच्या चळती आहेत. फांद्यांच्या शेंड्यांना पानांऐवजी बांधकामाच्या क्रेन फुटल्या आहेत. खाली माणसांची रीघ, सगळ्यांच्या माना वर. आणि एवढ्या झाडाखाली, भर उन्हात, एकाच्याही अंगावर सावली नाही.

दृश्य: १९३२चं फोटोमोंताज (फोटो कापून, जोडून केलेलं चित्र).

पैसा शरीरात शिरलेला दाखवायची रीत जुनी आहे. १९३२मध्ये जर्मन कलाकार जॉन हार्टफील्डनं हिटलरचा एक्स-रे रचला: कणा नाण्यांचा, पोटात नाण्यांचा ढीग. पुढच्याच वर्षी त्याला जर्मनी सोडावी लागली.

दृश्य: काळ्या कापडावर एक नाणं. मग स्क्रीनवर त्याच्या प्रती.

कात्री आणि गोंदाच्या जागी आता थर (एकावर एक ठेवलेली चित्रं) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) आले. सुरुवात मात्र एका खऱ्या नाण्यापासून. ते बारा कोनांतून टिपलं आहे, दर वेळी प्रकाश डावीकडून, ४५ अंशांवरून. इथे हयगय झाली तर पुढे निस्तरता येत नाही. उजवीकडून उजळलेलं एक जरी नाणं चळतीत घुसलं तरी बघणाऱ्याला खटकतं, आणि काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही.

एकच नाणं नुसतं कॉपी करत गेलं तर त्यावरचा ओरखडाही ओळीनं वर चढतो. म्हणून प्रत्येक प्रत दोन ते सात अंश फिरवायची, दर चौथ्या-पाचव्या नाण्याची कड जराशी बाहेर काढायची. सरळसोट चळत खांब वाटते. इथे ती खोडासारखी वाकायला हवी.

दृश्य: नाण्याची कड, अगदी जवळून.

आता सोनं. सोनेरी असा वेगळा रंग पडद्यावर नसतोच. गडद तपकिरी आणि जवळजवळ पांढरा झालेला पिवळा अगदी खेटून ठेवले की डोळा त्याला धातू समजतो. मधल्या छटा वाढल्या की नाण्याचं प्लॅस्टिक होतं. शिवाय धातूत भोवतालचं सगळं उमटतं. या कडांवर क्रेनचा पिवळा आहे, तापलेल्या आकाशाचा पांढुरका आहे. हिरवा कुठेच नाही, कारण चित्रात हिरवं काही उरलेलंच नाही.

दृश्य: थरांची लांबलचक यादी.

छापील आकार २४ बाय ३६ इंच, म्हणजे ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ७२०० बाय १०८०० पिक्सेल. काम १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांत. ८ बिटमध्ये आकाशाचा उजेड कमी-जास्त करताना पट्टे उमटतात. मग एकेक पूर्ण थर सुमारे ४६७ एमबीचा होतो. फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबीपर्यंतच साठवता येते, त्यामुळे पीएसबी, म्हणजे मोठ्या कामासाठीची फाइल, पहिल्यापासूनच घेतलेली बरी.

दृश्य: माणसाचं पाऊल. आधी सावलीशिवाय, मग सावलीसह.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो सावल्यांवर. प्रत्येक वस्तूला दोन लागतात. एक टेकणीची: पाऊल जमिनीला लागतं तिथली, अरुंद, जवळजवळ काळी, कड जेमतेम धूसर. दुसरी पडणारी: लांब, मऊ, वस्तूपासून दूर जाईल तशी विरत जाणारी. दोन्ही वेगवेगळ्या थरांवर, 'मल्टिप्लाय' मोडमध्ये (यात खालचा रंग गडद होतो), आणि शुद्ध काळ्यात कधीच नाही. जमिनीचाच रंग उचलून गडद केलेला. पहिली चुकली की माणूस तरंगतो. दुसरी चुकली की आकाशात दोन सूर्य असल्यासारखं वाटतं.

दृश्य: छापील कागद आणि स्क्रीन, शेजारी शेजारी.

छपाईत सोनं मातकट होतं. सॉफ्ट प्रूफ (छपाई कशी दिसेल याचा स्क्रीनवरचा अंदाज) आधी बघून तपकिरी आणखी खोल करावा लागतो. पिवळा वाढवून चमक येत नाही.

बाजारानं डिजिटल कलेलाही आपलंसं केलं आहे: मार्च २०२१मध्ये एका डिजिटल कोलाजला लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलर मिळाले.

दृश्य: पुन्हा थरांची यादी. कर्सर सर्वांत वर.

झाडाचीही पडणारी सावली रंगवून झाली आहे. माणसांच्या डोक्यांवरून, खांद्यांवरून, थेट रस्त्यापर्यंत पसरलेली. आता तिच्या थरापुढचं डोळ्याचं चिन्ह बंद होतं आणि ती दिसेनाशी होते. टेकणीची तेवढी राहते, नाहीतर बुंधा अधांतरी दिसला असता.

दृश्य: पूर्ण चित्र, ३० सेकंद. निवेदन नाही.