हप्ता, हिशोबाची वही आणि ‘किरकोळ’

मघाशी माझी ओळख करून देताना ‘अर्थतज्ज्ञ’ असा शब्द आला, तो आधी खोडते. मी बँकेच्या कर्ज विभागात टेबलावर बसून नोकरी केली आणि निवृत्त झाले. आमचं स्वतःचं घरही कर्जावरच झालं, कल्याणला, २००९ साली. वीस वर्षांचं कर्ज साडेअकरा वर्षांत फिटलं, म्हणून बहुधा तुम्ही मला बोलावलंत. पण सुरुवातीला आम्ही सपशेल आपटलो होतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आधी फळ्यावरचे आकडे बघा. कर्ज ३० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ४,७८५. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात, तर तुमच्या खिशातून १५ लाख ६२ हजार गेलेले असतात आणि मुद्दल अजून २६ लाख ४४ हजार शिल्लक असतं. हे स्टेटमेंट हातात पडलं की लोक माझ्याशी भांडायचे. “मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी चुकलंय.” चुकलेलं नसायचं. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला जवळजवळ सगळंच उरलेलं असतं.

याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा ५,००० रुपये जादा भरा. दर तोच राहिला, तर कर्ज २० ऐवजी १३ वर्षं ८ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे पावणेबारा लाखांच्या आसपास वाचतात. फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराच्या गृहकर्जावर असं आधी भरल्याबद्दल वैयक्तिक कर्जदाराला दंड लावायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच मनाई केली आहे. म्हणजे वाट मोकळी आहे. अडतं ते ५,००० आणायचे कुठून इथे.

मी रोज लोकांना हे गणित समजावत होते, त्यामुळे घरी आम्ही मोठ्या जोशात दरमहा ८,००० जादा भरायला लागलो. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये दोन्ही मुलांची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट, स्कूलव्हॅनचं भाडं. ते कसंबसं निभावलं. मग गणपती आले. गावी जायचं, तिथे वर्गणी, येताना सगळ्यांच्या हातावर काही ना काही ठेवायचं. दिवाळीपर्यंत क्रेडिट कार्डावर चाळीस हजार चढले होते. कार्डाचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या घरात. म्हणजे एका हाताने स्वस्तातलं कर्ज फेडत होतो आणि दुसऱ्या हाताने बाजारातलं सगळ्यात महाग कर्ज घेत होतो. आणि हे कोण, तर बँकेच्या कर्ज विभागातली बाई!

तेव्हा वही घातली. साधी, दोनशे पानी. मी, हे आणि सासूबाई, तिघांनी लिहायचं असं ठरलं. सासूबाईंचं लिहिणं चोख: दूध, भाजी, फुलपुडी, इस्त्रीवाला, रुपयापर्यंत. आम्हा दोघांचं मात्र ‘किरकोळ ३००’, ‘किरकोळ ७५०’. पहिल्या महिन्याची बेरीज केली, तर किरकोळ वाणसामानापेक्षा जास्त! सासूबाई नुसत्या हसल्या. पुढच्या महिन्यापासून ‘किरकोळ’ या शब्दालाच बंदी घातली. मग बाहेर आलं की त्यात रिक्षा होत्या, ऑफिसातल्या पार्ट्यांची वर्गणी होती, आणि सगळ्यात मोठा आकडा होता आहेराचा. मे महिन्यात आम्ही सात लग्नांना गेलो होतो. वडापाव बिचारा कुठेच नव्हता. उगाच त्याच्यावर आळ येतो.

वर्षभर वही लिहिल्यावर एक गोष्ट दिसली. आमचा महिन्याचा खर्च बहुतेक सारखाच होता, बजेट मोडत होते ते वर्षातून एकदाच येणारे खर्च. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी, आहेर, सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी. गणपती दर वर्षी येतात, पंचांगात तारीख छापलेली असते, तरी ते अचानक दारात उभे राहिल्यासारखी आपण पैशांची शोधाशोध करतो. या सगळ्याची बेरीज आली ९६ हजार. बाराने भागा. ८,०००! बरोबर तेवढेच पैसे आम्ही कर्जात भरत होतो. म्हणजे त्या ८,००० मध्ये जादा असं काही नव्हतंच, गणपतीचे पैसे आम्ही एप्रिलमध्ये बँकेला देऊन टाकत होतो.

मग ते ८,००० रिकरिंगमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम साठवायच्या ठेवीत वळवले आणि कर्जात जादा भरायला फक्त २,५०० राहिले. मला लाज वाटली होती तेव्हा. पण ते २,५०० नंतर एकाही महिन्यात चुकले नाहीत. जूनमध्ये नाहीत, भाद्रपदातही नाहीत. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी जायचे. महिनाअखेरीला उरलं तर भरू म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही, हे मी काउंटरवरून बघितलं होतं. पुढे पगारवाढ झाली की वाढीतली निम्मी रक्कम कर्जाला आणि निम्मी घराला, असा आमचा नियम झाला. आणखी एक: दोघांनाही महिन्याला हजार-हजार रुपये असे ठेवले, की त्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. हे केलं नसतं तर वही दोन महिन्यांत माळ्यावर गेली असती.

आता बँकेच्या बाजूचं थोडं. जादा रक्कम भरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, हे लेखी सांगा. आम्ही एकदा बोनसचे पैसे भरले आणि आमच्या बँकेने न विचारता हप्ता कमी केला. दोन महिने माझ्याही लक्षात आलं नाही. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर व्याज जास्त वाचतं. आणि भरलेले पैसे मुद्दलातून वजा झालेत की पुढच्या हप्त्यापोटी नुसते जमा आहेत, हे स्टेटमेंटवर बघा.

दर वाढतात तेव्हा तर बघाच. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो रेपो दर, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि त्यामागे गृहकर्जाचे दरही चढले. समजा कुणी ३० लाखांचं कर्ज ६.७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, दोन वर्षं भरलं आणि दर ९.२ झाला. हप्ता तोच ठेवला, तर राहिलेली १८ वर्षं ३५ च्या पुढे जातात. निवृत्तीनंतरही हप्ता! ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं. तुम्हाला विचारलं होतं का? बघा, दोनच हात वर झाले. बाकीच्यांनी उद्या शाखेत जाऊन उरलेली मुदत विचारा.

मागून चिठ्ठी आली आहे: “कर्ज फेडण्यापेक्षा एसआयपी बरी नाही का?” म्हणजे तेच पैसे दरमहा म्युच्युअल फंडात घालायचे. असू शकेल. पंधरा वर्षं बाजार पडला तरी हात न लावणारी माणसं असतात, मी त्यांच्यातली नाही. कर्जातले साडेआठ टक्के नक्की वाचतात, एवढं मला पुरतं. मात्र सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते हाताशी नसतील तर दोन्ही नको, कारण साध्या गृहकर्जात भरलेले पैसे दवाखान्यासाठी परत मागता येत नाहीत. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या, म्हणजे जादा भरलेले पैसे पुन्हा काढायची सोय असलेल्या कर्जखात्यातून काढता येतात, पण काहींना तीच सोय नडते. करसवलतीसाठी कर्ज चालू ठेवणाऱ्यांनी आपण नव्या करप्रणालीत आहोत का ते तपासावं. राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट तिथे मिळत नाही.

दुसरी चिठ्ठी कागदपत्रांची आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत. डिसेंबर २०२३ पासून, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. यादी करून, एकेक पान मोजून घ्या. आमच्या वेळी हा नियम नव्हता, दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला पाकीट मिळालं: करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, सगळं होतं. ह्यांनी तिथेच बाकावर बसून पानं मोजली. आणि कर्ज फिटल्याचा दाखला बँकेने भलत्याच फ्लॅट नंबरचा दिला होता, तो बदलून घ्यायला तिसरी खेप झाली.