जिन्यातला दिवा आणि चार नँड गेट

नमस्कार मंडळी! नागपुरात मे महिना आहे आणि मी कूलर बंद करून बसलोय, कारण त्याचा आवाज माईकमध्ये येतो. तेव्हा थेट मुद्द्यावर.

आमच्या घराच्या जिन्यात दिवा एक, बटणं दोन. एक खाली, एक वर. तुमच्याकडेही असेल. दोन्ही बटणं एकाच स्थितीत असली की दिवा बंद, वेगवेगळ्या स्थितीत असली की सुरू. बंद म्हणजे ०, सुरू म्हणजे १, बटणालाही आणि दिव्यालाही. वहीत चार ओळी लिहा: ००, ०१, १०, ११. समोर दिव्याचं उत्तर: ०, १, १, ०. झालं ट्रुथ टेबल! आणि यालाच एक्सॉर म्हणतात. कॉलेजात मी गेटची, म्हणजे ०-१ घेऊन ०-१ देणाऱ्या छोट्या सर्किटांची, चिन्हं पाठ करत बसलो, जिन्याकडे कधी पाहिलंच नाही. तुम्ही आधी टेबल लिहा, चिन्हं मागून येतील.

बटणांचं गणित करता येतं, हे १९३७ मध्ये क्लॉड शॅननने आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं. वय २१! जॉर्ज बूलचं खरं-खोट्याचं, म्हणजे १ आणि ० चं, बीजगणित तेव्हा ऐंशीएक वर्षं जुनं होतं; त्याने ते रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, सर्किटला लावलं.

आता हे पाहा, ७४एचसी०० आयसी, म्हणजे चिप. पाय १४. सातवा ग्राउंड म्हणजे ० व्होल्ट, चौदावा ५ व्होल्ट. आत चार नँड गेट. नँड म्हणजे दोन्ही इनपुट १ असतील तरच ०, नाहीतर १. आपला एक्सॉर बरोबर चार नँडमध्ये बसतो. पहिल्याला दोन्ही बटणं. त्याचं आउटपुट दुसऱ्या आणि तिसऱ्याला, सोबत एकेक बटण: दुसऱ्याला खालचं, तिसऱ्याला वरचं. त्या दोघांची आउटपुटं चौथ्याला. समजा खालचं १, वरचं ०. पहिला देतो १, दुसरा ०, तिसरा १, चौथा १. चौथ्याला जोडलेला एलईडी लागला!

एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर लावाच. आणि बटणाची वायर मोकळी सोडू नका. माझा एलईडी नुसता हात जवळ नेला तरी लुकलुकायचा. आयसी खराब समजून मी दोन फेकल्या हो! मोकळं इनपुट ० पण नसतं, १ पण नसतं. १० किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला बांधलं, तेव्हा शांत झालं.

आता ११ ची ओळ पुन्हा पाहा. उत्तर ०. बायनरीत, म्हणजे ० आणि १ हे दोनच अंक असलेल्या पद्धतीत, एक अधिक एक, खाली शून्य आणि हातचा एक! खालचा अंक एक्सॉर देतोय. हातचा हवा तर पहिल्या नँडचं आउटपुट उलटं करा. त्याला पाचवं गेट लागेल, म्हणून दुसरी आयसी काढून ठेवा. पुढच्या व्हिडिओत तीच जोडू.